जुन्या डेनिम जॅकेटचा कल्पक पुनर्वापर

कोपरांवर विरलेले, कॉलरीवर झिजलेले किंवा अंगाला घट्ट होऊ लागलेले डेनिमचे जॅकेट अनेक घरांत कपाटाच्या तळाशी पडून असते. कापड मजबूत असल्याने ते टाकवत नाही आणि प्रत्यक्ष वापरातही येत नाही. अशा वस्त्रापासून मूळ वस्तूइतकी किंवा तिच्याहून अधिक उपयुक्त वस्तू तयार करण्याच्या पद्धतीस 'अपसायकलिंग' असे म्हटले जाते. जर्मन अभियंते रायनर पिल्झ यांच्या १९९४ मधील एका मुलाखतीत हा शब्द आढळतो. मराठीत त्यासाठी 'मूल्यवर्धित पुनर्वापर' असा शब्दप्रयोग करता येईल. मात्र शिंप्याच्या दुकानात तो कोणी उच्चारेल, असे वाटत नाही. शब्द नवा असला, तरी व्यवहार जुनाच आहे. महाराष्ट्रातील गोधडी, बंगालमधील कांथा, बिहारमधील सुजनी आणि कर्नाटकातील सिद्दी समाजाची कवंदी ही सर्व वापरलेल्या वस्त्रांचीच रूपांतरे होत.

या परंपरांमध्ये प्रामुख्याने जुनी, मऊ झालेली लुगडी, साड्या आणि धोतरे वापरली जात. डेनिमचा स्वभाव निराळा आहे आणि जॅकेट हे तर सलग कापडही नव्हे. त्यात खिसे, बटणपट्टी, काजे, कफ आणि दुहेरी शिवणी आधीच तयार असतात. या तयार भागांचा उपयोग करून घेतला, तर काम सोपे होते आणि वस्तूही टिकते. सर्व शिवणी उसवून सुटे तुकडे हाती घेतल्यास मात्र कापड थोडे आणि मेहनत फार, अशी अवस्था होते. म्हणूनच कात्री जितकी कमी चालेल तितके बरे, हे सूत्र पुढील सर्व प्रकारांना लागू पडते.

कापडाची ओळख

'डेनिम' हे नाव फ्रान्समधील नीम या गावावरून आणि 'जीन' हे नाव इटलीतील जेनोआ या बंदरावरून आले, असे सामान्यतः मानले जाते. याच घराण्यातील तिसरा शब्द मात्र मुंबईचा आहे. डोंगरी भागात विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडावरून इंग्रजीत 'डंगरी' हा शब्द रूढ झाला आणि सतराव्या शतकापासून तो लेखी आढळतो. नेवाडा राज्यातील रीनो येथील शिंपी जेकब डेव्हिस आणि सॅन फ्रान्सिस्को येथील व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांना २० मे १८७३ रोजी खिशांचे कोपरे तांब्याच्या रिव्हेटने पक्के करण्याच्या युक्तीचे अमेरिकी पेटंट मिळाले. श्रमिकांसाठी बनविलेल्या या कापडाची मजबुती हीच आज त्याच्या पुनर्वापराची मुख्य जमेची बाजू आहे.

पारंपरिक डेनिममध्ये ताणा निळीने रंगविलेला आणि बाणा पांढरा असतो. विणीत ताण्याचा धागा सामान्यतः बाण्याच्या तीन धाग्यांवरून जाऊन एकाखालून येतो. त्यामुळे कापडाची सुलट बाजू निळी आणि उलट बाजू फिकट दिसते. या गोष्टीचा कल्पक उपयोग होऊ शकतो. एकाच जॅकेटचे काही तुकडे सुलट आणि काही उलट वापरल्यास वेगळे कापड न आणताही दोन छटा मिळतात.

दुसरे वैशिष्ट्य रंगाचे. निळीचा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत सहसा पोहोचत नाही, तो बाहेरच्या थरावर बसतो. घर्षणाने हा थर झिजतो आणि आतील पांढरा सूत उघडा पडतो. डेनिमला पडणाऱ्या फिकट रेषांचे आणि नव्या डेनिमचा रंग इतर कपड्यांना लागण्याचे कारण हेच होय. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजविल्यास हा रंग पक्का होतो, हा समज सर्वदूर असला तरी तो निराधार आहे. कमी धुतलेल्या गडद डेनिमला पांढरे अस्तर लावू नये, हाच त्यावरील उपाय.

आधी तपासणी

काम सुरू करण्यापूर्वी जॅकेट धुऊन, वाळवून, उजेडासमोर धरावे. जेथून प्रकाश आरपार दिसतो तेथे कापड विरलेले असते. कोपर, कॉलरीची घडी, कफांच्या कडा आणि काखेखालची शिवण ही सर्वसाधारणपणे झिजण्याची ठिकाणे. पाठीचा भाग आणि पुढील दोन्ही पाखे बहुधा शाबूत राहतात. वजन पेलणाऱ्या वस्तूसाठी शाबूत भागच घ्यावा. विरलेला भाग शोभेसाठी किंवा आतील थरासाठी ठेवावा.

कापडात काय मिसळले आहे, हे जाणून घेणेही आवश्यक आहे. मागील काही दशकांत ताणल्या जाणाऱ्या डेनिमचे प्रमाण वाढले असून त्यात इलॅस्टेन आणि अनेकदा पॉलिएस्टर असते. आतील पट्टी शिल्लक असल्यास त्यावर ही माहिती मिळते. पट्टी नसल्यास आतल्या शिवणीतून दोन-चार धागे काढून, चिमट्यात धरून, उघड्यावर आणि पाणी जवळ ठेवून जाळून पाहावे. शुद्ध सूत कागदासारखे जळते आणि मऊ राखाडी राख उरते. कृत्रिम धागा वितळून आकसतो आणि त्याचा कडक मणी होतो. ही परीक्षा केवळ कुतूहलाची नाही. ताणले जाणारे कापड पिशवीच्या पट्ट्याला चालत नाही, कारण ते ओझ्याने लांबत जाते; आणि गरम भांडी धरण्याच्या कापडाला तर ते मुळीच चालत नाही.

कापावे की द्यावे

जॅकेट धडधाकट असून केवळ लहान झाले असेल किंवा आवडेनासे झाले असेल, तर ते कापण्यापेक्षा दुसऱ्याच्या अंगावर जाणे अधिक श्रेयस्कर. लेव्ही स्ट्रॉस कंपनीने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, एका जीन्स पँटला कापसाच्या लागवडीपासून वापराच्या अखेरपर्यंत सुमारे ३,७८१ लिटर पाणी लागते. त्यातील ६८ टक्के पाणी कापूस पिकविताना आणि २३ टक्के पाणी ग्राहकाकडील धुण्यात खर्च होते. जॅकेटचे आकडे वेगळे असतील. मात्र मोठा खर्च वस्त्र दुकानात येण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो, हे त्यालाही लागू आहे. जॅकेट आणखी काही वर्षे जॅकेट म्हणूनच वापरले गेले, तर या खर्चाचे पुरेपूर चीज होते. त्यापासून केलेली पिशवी उपयोगी ठरते ती विकत घेतली जाणारी एखादी पिशवी वाचली तरच. घरात दहा कापडी पिशव्या असताना अकरावी शिवणे हा छंद आहे, बचत नव्हे.

वापरलेली वस्त्रे पुढे पाठविण्याची व्यवस्था आपल्याकडे जुनी आहे. जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण महाराष्ट्रातील शहरांना परिचित आहे. दिल्लीत रघुबीर नगर येथे पहाटेपूर्वी भरणाऱ्या घोडा मंडीत वाघरी समाजातील स्त्रिया अशा रीतीने मिळविलेले कपडे विकतात. अंशु गुप्ता यांनी १९९९ मध्ये स्थापन केलेली 'गूंज' ही संस्था शहरांतील वापरलेले कपडे वर्गवारी करून ग्रामीण भागात पोहोचविते. गुप्ता यांना २०१५ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्काराने गौरविण्यात आले. उत्तर भारतातील हिवाळ्यात धड जॅकेटची गरज असणारे अनेक जण असतात. मुंबई किंवा चेन्नईच्या हवेत वर्षानुवर्षे न वापरलेले जॅकेट ऑक्टोबरपूर्वीच योग्य हाती देणे इष्ट.

जॅकेट जॅकेटच ठेवताना

फाटलेल्या कोपरासाठी ठिगळ आतून लावावे की बाहेरून, हा आवडीचा प्रश्न आहे. टिकाऊपणाच्या दृष्टीने आतून लावलेले ठिगळ चांगले, कारण त्याच्या कडा घासल्या जात नाहीत. ठिगळ भोकापेक्षा सर्व बाजूंनी किमान ३ सेंमी मोठे घ्यावे, म्हणजे टाके विरलेल्या भागाच्या पलीकडे शाबूत कापडात पडतात. त्यावर समांतर धावदोऱ्याच्या ओळी घालाव्यात. जपानमध्ये निळ्या कापडावर पांढऱ्या सुताने घातल्या जाणाऱ्या अशा टाक्यांना 'साशिको' म्हणतात. तेथील थंड उत्तर भागात कापूस पिकत नसल्याने सुती चिंधीही मोलाची असे आणि ठिगळांवर ठिगळे लावलेली वस्त्रे पिढ्यान्‌पिढ्या वापरली जात. ती 'बोरो' या नावाने आज संग्रहालयांत ठेवली जातात. गोधडीचा धावदोरा येणाऱ्या व्यक्तीला साशिकोसाठी वेगळे शिक्षण लागत नाही. टाका तोच, फक्त ओळी मोजून-मापून घातल्या जातात.

डेनिमवर हाताने टाके घालणे कष्टाचे असते. जॅकेटच्या डेनिमचे वजन सामान्यतः चौरस यार्डास १२ ते १४ औंस, म्हणजे चौरस मीटरला साधारण ४०० ते ४७५ ग्रॅम असते. बोटाला अंगुस्तान घालावे आणि एका वेळी दोन-तीनच टाके सुईवर घ्यावेत. आखूड टाक्याचे भरतकाम या कापडावर फारसे खुलत नाही. साखळी टाका, आरसेकाम आणि लमाण स्त्रियांच्या भरतकामातील ठसठशीत टाके मात्र शोभून दिसतात. पाठीवरील खांद्याखालचा आडवा जोड हा भरतकामासाठी उत्तम भाग, कारण तेथे कापड ताणले जात नाही आणि पाठीवर पिशवी नसेल तर घासलेही जात नाही.

घट्ट झालेले जॅकेट सैल करण्यासाठी दोन्ही बाजूंच्या शिवणी काखेपासून खालपर्यंत उसवून मध्ये दुसऱ्या कापडाची उभी पट्टी घालता येते. त्यासाठी खण, इकत किंवा जाड खादी वापरता येईल. रेशमी काठ जोडण्याची टूम आकर्षक असली, तरी डेनिम आणि रेशीम यांची धुण्याची रीत जुळत नाही. पैठणीचा काठ लावायचाच झाला, तर तो मोठ्या टाक्यांनी हाताने टाचावा आणि धुण्यापूर्वी उसवून घ्यावा. लहान पट्टी असल्यास हे पाच मिनिटांचे काम आहे.

रंग उतरविण्याच्या प्रयोगांबाबत मात्र सावधगिरी आवश्यक आहे. घरगुती ब्लीचमधील सोडियम हायपोक्लोराइट सुताला कमकुवत करते आणि इलॅस्टेन नष्ट करते. ब्लीच थांबविण्यासाठी व्हिनेगर वापरावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो घातक आहे. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा शौचालय स्वच्छ करण्याचे आम्ल मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. ब्लीच पुष्कळ पाण्यात मिसळूनच वापरावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, हातमोजे घालावेत आणि अपेक्षित छटेच्या थोडे आधीच कापड बाहेर काढून भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे. विरलेल्या जॅकेटवर हा प्रयोग करूच नये.

जॅकेटची पिशवी

दुरुस्तीपलीकडे गेलेल्या जॅकेटचे सर्वांत उपयुक्त रूप म्हणजे मजबूत पिशवी. बाजारहाट, ग्रंथालयाची पुस्तके किंवा जेवणाचा डबा यांसाठी ती अनेक वर्षे पुरते.

प्रथम जॅकेटची सर्व बटणे लावून ते सपाट पसरावे. बाह्या काखेच्या शिवणीलगत कापून वेगळ्या कराव्यात. त्यानंतर एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत आडवी रेषा आखून त्यावर कापावे. खालचा भाग ही एक तयार नळी असते. मध्यम आकाराच्या जॅकेटमधून साधारण ४५ सेंमी रुंद आणि ३५ सेंमी उंच पिशवी निघते. छातीवरील खिशांच्या आतील पिशव्या या रेषेत येत असल्यास त्या आधी उसवून काढाव्यात.

आता तोंड कोणत्या बाजूला ठेवायचे, हे ठरवावे लागते. कमरेची पट्टी तोंडाशी ठेवल्यास वेगळी दुमड घालावी लागत नाही आणि पट्टे पक्क्या जागी बसतात. मात्र जॅकेटला खाली बाजूचे खिसे असतील, तर ते उलटे होतात आणि त्यांत ठेवलेली नाणी रस्त्यावर पडतात. असे खिसे असल्यास कमरेची पट्टी तळाशी ठेवून कापलेल्या कडेला दुमड घालावी, म्हणजे खिसे सुलटे राहतात. खिसे नसल्यास पहिली रीत सरस.

बटणपट्टी वरपासून खालपर्यंत शिवून बंद करावी. बटणांच्या भरवशावर ती तशीच ठेवल्यास दोन किलो कांद्यांच्या भाराने मधली फट उघडते. बटणे शोभेपुरती राहू द्यावीत. पिशवी उलटी करून तळाला कडेपासून दीड सेंमी आत दोन समांतर टिपा माराव्यात. तळाचा प्रत्येक कोपरा त्रिकोणी दुमडून, टोकाच्या अलीकडे ८ सेंमी लांबीची आडवी टीप मारली की पिशवीला तेवढ्याच रुंदीची बैठक मिळते आणि ती जमिनीवर उभी राहते.

पट्ट्यांसाठी बाह्यांचा उपयोग करावा. प्रत्येक बाही शिवणीवर उघडून, लांबीच्या दिशेने, कोपराचा विरलेला भाग टाळून १० सेंमी रुंद पट्टी कापावी. लांबीच्या दिशेने कापण्याचे कारण असे, की ताण्याचे मजबूत धागे त्या दिशेने धावतात. तिरका कापलेला पट्टा ओझ्याने लोंबतो. पट्टीच्या कडा आत घेऊन चार पदरी घडी घातली, की अडीच सेंमी रुंदीचा पट्टा तयार होतो. तो पिशवीला जोडताना टोकाशी चौकोन शिवून त्यात फुली मारावी. ओझे पेलण्याची ही जुनी, खात्रीची शिवण होय.

अडचण येते ती येथेच. पट्टा आणि कमरेची पट्टी मिळून या जागी आठपर्यंत थर जमतात आणि घरगुती शिवणयंत्र तेथे अडते किंवा सुई मोडते. १६ किंवा १८ क्रमांकाची सुई आणि जाड पॉलिएस्टर दोरा वापरावा, शिवणीचा फुगवटा आधी हातोडीने हलकेच ठोकून सपाट करावा आणि यंत्राचे चाक हाताने फिरवून एकेक टाका घ्यावा. तरीही जमत नसल्यास पट्टे जोडण्यापुरते काम दप्तरे शिवणाऱ्या कारागिराकडे किंवा चर्मकाराकडे द्यावे. त्यांची यंत्रे आणि दाभण याच कामासाठी असतात. आतून जुन्या सुती साडीचे गडद अस्तर लावल्यास रंग लागण्याची भीती राहत नाही.

खिसे, बाह्या आणि उरलेसुरले

वरचा अर्धा भाग, म्हणजे खांदे, कॉलर आणि छातीचे खिसे, पिशवीनंतरही उरतो. पिशवी न करता पुढील दोन्ही पाखे सलग ठेवली आणि जाड पुठ्ठ्यावर किंवा हँगरवर ताणून टांगली, तर दाराजवळ किल्ल्या, चष्मा, वीजबिले आणि औषधांच्या पट्ट्या ठेवण्याची सोय होते. वसतिगृहातील किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांना भिंतीस एकच खिळा पुरतो, ही यातील मोठी सोय.

पट्ट्यांची गरज नसेल, तर बाहीची खालची बाजू, कफासह, अर्धा लिटरच्या बाटलीला किंवा घडीच्या छत्रीला नेमकी बसते. कफाचे बटण हेच तिचे झाकण. तळाला एक गोल तुकडा शिवला की काम झाले.

स्वयंपाकघरात गरम भांडी धरण्यासाठी शुद्ध सुती डेनिमचे दोन थर आणि मध्ये जुन्या टॉवेलचे दोन-तीन थर घेऊन चौकोन शिवता येतो. कृत्रिम धागा मिसळलेले कापड येथे वर्ज्य. हे कापड ओले असताना वापरू नये. ओल्या सुतातून उष्णता झपाट्याने हातापर्यंत पोहोचते आणि वाफेने भाजते.

डेनिमची गोधडी करण्याची अनेकांची इच्छा असते. एका जॅकेटमध्ये ती होत नाही आणि सर्व थर डेनिमचे घेतल्यास ओली गोधडी दोघांना उचलावी लागते. वरचा थर डेनिमच्या तुकड्यांचा आणि खाली जुन्या साड्यांचे दोन थर, असा मेळ बसवावा. तुकडे वेडेवाकडे असल्यास उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची रीत मार्गदर्शक ठरते. त्या कवंदी एका कोपऱ्यातून सुरू करतात आणि कडेकडेने फिरत मध्यापर्यंत येतात. हाताला येईल तो तुकडा पुढे जोडला जात असल्याने सारखे चौकोन कापून कापड वाया घालविण्याची गरज पडत नाही.

अगदी बारीक कापट्यांचा उपयोग उशीत किंवा सुया टोचण्याच्या गादीत भरण्यासाठी होतो. औद्योगिक पातळीवर हरियाणातील पानिपत येथे जुनी वस्त्रे पिंजून त्यांपासून पुन्हा सूत काढले जाते. मात्र पिंजताना तंतू तुटून आखूड होतात आणि मूळ दर्जाचे कापड त्यातून सहसा मिळत नाही. शुद्ध सुती चिंध्यांपासून हातकागदही तयार होतो. राजस्थानातील सांगानेर आणि पुण्यातील हातकागद संस्था यांचे या क्षेत्रातील कार्य सर्वपरिचित आहे.

धातूची बटणे मागील खिळ्यावर ठोकून बसविलेली असतात. ती ओढून काढल्यास भोवतीचे कापड फाटते. पकडीने मागील चकती धरून हळूहळू हलविल्यास बटण सुटते. त्याचा खिळा सरळ निघाला असेल, तर नव्या कापडावर छिद्र पाडून ते पुन्हा ठोकता येते. वाकला असेल, तर बाजारात मिळणारा सुटा खिळा लावावा. बटणाभोवतीचे दोन-दोन सेंमी कापड सोडून कापून ठेवल्यास ही ठोकाठोकही टळते, आणि तो तुकडा जेथे हवा तेथे थेट शिवता येतो.